दादरला ऊन

६ मे

आल्याच! गावाहून आलेल्या दादर ज्वारीच्या पोत्याचं तोंड सोडलं, तर वर जाळी अन् आत पांढऱ्या अळ्या! बरं झालं आल्या. वर्षभर वाट बघतेय मी.

या मुडद्यांपायी गेल्या मेमध्ये कोठीत विषारी गोळ्या पडल्या. डिंडोलीतली ही एवढीशी खोली, कोठीला लागूनच चंचलची गोधडी. गोळ्यांचा वायू पसरला. सकाळी पोर उठलीच नाही. चार वर्षांची होती माझी चंचल!

७ मे

शेजारची सोनाली कृषी कॉलेजात शिकते. तिने भुकटी आणून दिली. "काकी, यात जिवाणू आहेत. अळीने खाल्ले की तिचं पोट आतून फाटतं. माणसाला काही होत नाही. फक्त उन्हात ठेवू नका, जिवाणू मरतात."

पोट फाटतं! तीनदा वदवून घेतलं तिच्याकडून.

मूठभर दाणे, वीस अळ्या बरणीत काढल्या. भुकटी चोळली. मला डोळ्यांनी बघायचंय.

८ मे

साड्यांना टिकल्या लावतेय, बरणी समोर. खाणं बंद झालंय त्यांचं. मरा उपाशी!

११ मे

काळ्या पडल्या. वीसच्या वीस! एकेक काडीने उलटून बघितली. आज किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

संध्याकाळी अख्ख्या पोत्याला भुकटी चोळली.

१२ मे

घात केला म्हातारीने! साड्यांचा गठ्ठा देऊन आले, तर सगळी दादर गच्चीवर उन्हात! सासू धुरपदाबाई डोक्यावर पदर घेऊन दाणे हलवत बसलेली.

"अहो आत्या, मेले ना सगळे जिवाणू!" सूप हिसकून फेकलं मी.

"आते घरमा इख नको व माय!"

"विष नाही ते!" घसा फुटेस्तोवर ओरडले. ऐकेचना. माझ्या तोंडचा सूड काढून घेतला हिने. मरेपर्यंत बोलणार नाही हिच्याशी.

१३ मे

दादर भरायला गच्चीवर गेले. अळ्या दाण्यांतून बाहेर सरपटलेल्या, कठड्याशी वाळून पडलेल्या. चाळून बघितलं, पुन्हा चाळलं. एक जिवंत नाही. नुसत्या उन्हाने!

१४ मे

गेल्या मेमध्येही आत्या म्हणाल्या होत्या, "दाणाले ऊन दे व माय."

मी म्हटलं — टिकल्यांचं काम पडलंय, वेळ कुणाला!

गोळ्या मी आणल्या. मीच ठेवल्या. आत्यांनी वर्षभरात एकदाही बोलून दाखवलं नाही.