शीळफाट्याच्या भाताचं मॉडेल

२ मे
पीएच.डी.चं अखेरचं वर्ष. आजपासून रोज पाचला उठायचं. उठलो साडेआठला, पण अलार्म हळू वाजतो. विषय पक्का: शीळफाट्याजवळच्या गावातले लोक भातशेती कधी ठेवतात, कधी विकतात, याचं कॉम्प्युटर मॉडेल. त्यात प्रत्येक शेतकरी म्हणजे एक ‘एजंट’. आजवर सगळे आकडे मी अंदाजाने घातलेले. माझ्या गाइड आसावरी मॅडम म्हणाल्या, एकदा तरी खऱ्या माणसांना भेटून ये. भेटेन. अंदाजही चांगलेच होते म्हणा.

५ मे
वर्तकनगरहून लवकर निघालेलो, पोचायला दुपार झाली. चूक नकाशाची. पहिली भेट शिवराम काकांची. त्यांना समजावलं की माझ्या मॉडेलमध्ये तुम्ही एजंट. ते म्हणाले, मी कसला एजंट, एजंट तर तुम्ही. विनोदी गृहस्थ. मग विचारलं, समजा इथून मोठा रस्ता गेला, तर जमीन विकाल? कुठून जाणार, म्हणाले. मी हाताने दाखवलं. लोकांशी बोलायची हातोटी मला उपजतच आहे.

९ मे
गावात माझा मान वाढलाय. आज मला न्यायला फाट्यावर बाइक उभी. घरोघरी चहा, एका घरी कोलंबी. रस्ता किती रुंद, हे मी न सांगताच विचारतात. विषयात एवढा रस कॉलेजात कोणी घेतला नाही.
मीराबाई तेवढ्या वेगळ्या. एकट्या राहतात, शेत स्वतः लावतात. जमीन विकायची नाही म्हणाल्या. पण सायन्समध्ये एका उत्तरावर थांबत नाहीत. पुन्हा विचारणार.

२२ मे
मीराबाईंना आज तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाल्या, रस्ता खरंच जाणार का हो? डेटा सुधारतोय.

१४ जून
विलक्षण. शिवराम काकांच्या शेतात पत्र्याची खोली उभी. शेजाऱ्यांच्याही. बांधकाम असलं की भरपाई जास्त मिळते म्हणे. कसली भरपाई ते विचारायचं राहिलं, फोटो काढण्यात गुंतलेलो. जमिनीचा वापर बदलणार, हे माझं मॉडेल सांगतच होतं. दोन-चार आकडे सरळ केल्यावर.

१८ जुलै
मॅडमना ग्राफ दाखवला. शेजारच्या गावात भात लागलाय, मग बदल फक्त तू गेलास त्याच गावात कसा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॉडेल फार संवेदनशील आहे. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, आधी जाऊन त्यांना सांग की रस्ता नाही. जातो म्हटलं. उद्याच.

२ ऑगस्ट
मध्ये ताप आला. थोडा. मग स्लाइड्स करायच्या होत्या.

११ ऑगस्ट
गेलो. शिवराम काकांच्या ओट्यावर सगळे जमलेले. त्यांना वाटलं, नोटीस आणलीय. सांगितलं की रस्ता नाही, मी फक्त ‘समजा’ म्हटलेलं. आरडाओरडा होईल म्हणून उत्तरं तयार ठेवलेली. कोणी ओरडलं नाही. शिवराम काका म्हणाले, तुम्ही हाताने दाखवलं होतं ना. मग एकेक जण उठून गेला.
मीराबाई थांबल्या. शेतावर घेऊन गेल्या. जी जमीन जाणार तिच्यात कशाला राबायचं, म्हणून यंदा त्यांनी लावणीच केली नाही. रोपं एका कोपऱ्यात दाटीवाटीने पिवळी पडलेली.
“पुढच्या वर्षी तरी नाही ना जाणार रस्ता?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “समजा म्हणू नका, सर. हो की नाही, तेवढं सांगा.”
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
त्यांनी मान हलवली आणि शेजाऱ्यांच्या म्हशीसाठी रोपं उपटायला लागल्या. मीही पँट दुमडून चिखलात उतरलो. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, “राहू द्या सर. बांधावर उभे राहा. तुम्ही तुडवताय.”