वटवट्या गैरहजर

१२ ऑक्टोबर

ति. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकताना हल्ली गुडघे कुरकुरतात, तेव्हा नमस्काराची किंमत वाढली आहे असं समजून स्वीकार कर.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. त्या दिवशी लाइन फार खराब होती. नुसती खरखर. तू काहीतरी सांगत होतीस, मी हसलो आणि तू ताडकन फोन ठेवलास. मग भाचीचा निरोप आला, "मामा, तू हसलास कसा?" तू काय सांगत होतीस ते मला तिच्याकडून कळलं. मेहुणेसाहेबांबद्दल सवडीने लिहीन. आज तो धीर नाही. आज नुसती ख्यालीखुशाली.

बातमी अशी, की संस्कृतचा मास्तर शास्त्रज्ञ झाला आहे. आमची शाळा एका उपक्रमात शिरली आहे. ठिकठिकाणच्या शाळांतली मुलं दर आठवड्याला एका सकाळी आपापल्या मैदानात गोल करून बसतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. प्रत्येकाच्या मांडीवर एक कार्ड. कार्डाच्या मधोमध फुली, म्हणजे आपण. ज्या दिशेने आवाज आला तिकडे खूण करायची; जवळचा आवाज फुलीजवळ, लांबचा कडेला. मग संशोधक सगळ्या शाळांची कार्डं शेजारी ठेवून पाहतात, की कुठे कोणते पक्षी आणि किडे तग धरून आहेत आणि कुठून गेले. कल्पना मला आवडली. वेदही कानांवरच टिकले.

खरं तर हे काम शास्त्राच्या बाईंचं. त्यांना प्रयोगशाळेतून सवड नाही. तेव्हा मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "सर, तुम्हीच घ्या. तुमच्या तासाला मुलं तशीही डोळे मिटूनच असतात."

ताई, ही बाई माझी वरिष्ठ नसती तर तिला मी पोटाशी धरलं असतं.

पण खबर चांगली नाही. मैदान मुकं झालं आहे. या शाळेत लागलो तेव्हा कुंपणाकडच्या गवतातले नाकतोडे एवढे किरकिरत, की खिडक्या लावून धातुरूपं घ्यावी लागत. आता चिडीचूप. मी शिक्षकांच्या खोलीत त्यावर एक छोटंसं शोकभाषणही ठोकलं. पीटीचे सर म्हणाले, "मला तर ऐकू येतात बुवा." आता ज्या माणसाच्या तोंडात दिवसभर शिटी, त्याच्या कानाचं काय धरायचं?

आणि मुलं चक्क खोटं लिहितात. सातवीत एक मुलगी आहे. वाद घालण्यात पटाईत, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणतात. तिच्या प्रत्येक कार्डावर कुंपणाच्या झुडपात वटवट्या! वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. नावावरूनच कळतं की गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. मी मात्र त्याचा एक शब्द ऐकलेला नाही. शेवटी नियमच केला. कार्डाखाली सही माझी, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं नाही ते कार्डावर राहणार नाही. तिच्या खुणा खोडल्या आणि वर तिला अनुपलब्धी शिकवली. बाबा जेवताना आपल्याला शिकवायचे तीच. जमिनीवर घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, अर्थात घडा नाही. न दिसणं हेही ज्ञानाचं एक साधन.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण सर, तो आहे ना."

मेहुणेसाहेबांना नमस्कार.

तुझा धाकटा


२६ ऑक्टोबर

ति. ताईस,

नमस्कार, गुडघ्यांसह.

तुझं उत्तर नाही. असतं तर मिळालं असतं, मिळालं नाही, अर्थात नाही. अनुपलब्धीने राग सिद्ध झाला. भाचीने लिहिलंय, की तू फोन लावतेस आणि मी उचलत नाही. शाळेत असतो गं. घरी असलो की फोन कुठे ठेवला ते सापडत नाही. आणि ती खरखर आहेच.

तर आमच्या खटल्याची हकीकत. वकीलबाई हार मानणाऱ्यांतली नव्हे. मधल्या सुट्टीत चार साक्षीदार घेऊन आली.

"सर, आम्ही सगळ्यांनी ऐकलाय."

"एकाने लिहिलं, की सगळ्यांना ऐकू येतं. गतानुगतिको लोकः."

"म्हणजे?"

"म्हणजे मेंढरं."

"मग परीक्षा घ्या ना," ती म्हणाली. "सगळे एकमेकांकडे पाठ करून बसू. डोळे घट्ट मिटू. तो बोलला की बोट करायचं, कुठून बोलला तिकडे. तोंडातून चकार शब्द नाही. खोटं असेल तर बोटं कुठेही जातील, की नाही?"

एक गोष्ट कबूल केली पाहिजे: प्रमाणशास्त्रावर मी आजवर जेवढं बोललो त्यात इतकं साधं आणि चोख काही नव्हतं. म्हटलं, चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. गवत ओलं होतं. मुलांनी दप्तरं खाली घेतली, मी वर्तमानपत्र. मीही डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

निकाल सांगतो. मुलं खरी होती. सगळी बोटं एकाच झुडपाकडे. माझंही. वटवट्या हजर होता.

खोडलेल्या खुणा पुन्हा काढायला लावल्या. मुलांची माफी मागितली, तीही उभं राहून. मुलांना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि असेल नसेल तो पक्षी उडवून लावला. वकीलबाईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. खटला जिंकलेला वकील इतका गप्प राहिलेला मी पाहिला नव्हता.

असो. तिकडची खुशाली कळव. मेहुणेसाहेब कसे आहेत? औषध सुरू झालं का? लिहून कळव. लिहूनच कळव.

तुझा धाकटा


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "वटवट्याचं कळलं. तू फोन का उचलत नाहीस?" एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. लहानपणी माझा कान धरताना तू एवढेच शब्द वापरायचीस.

तो कानच गेला आहे, ताई. पूर्ण नाही, बराच. लाइन खराब नव्हती.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं, पण सगळं लिहिलं नाही. आता क्रमाने सांगतो, मधे थांबवू नकोस.

त्या सकाळी डोळे मिटून बसलो होतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मनात म्हटलं, बसा लेको, आज पितळ उघडं पडतंय. आणि कोण कुठे बोट करतंय ते बघावं म्हणून मी डोळे उघडले. पर्यवेक्षकाने उघडायचे नसतात, उघडले. पाहतो तर पाठीला पाठ लावून बसलेली सगळी मुलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि सगळ्यांचे हात एका दिशेला. कोणी खांद्यावरून, कोणी डोक्यावरून, कोणी जवळजवळ उलटं वळून. सगळे त्या एका झुडपाकडे. मी तिकडे पाहिलं. फांदीवर तो बसला होता. चोच उघडत होता, मिटत होता. गळा थरथरत होता, शेपटी प्रत्येक सुराबरोबर वर उडत होती. असा जीव तोडून ओरडत होता बिचारा, आणि माझ्या कानात काही म्हणजे काही नाही. काचेपलीकडच्या माणसासारखा.

मग मी काय केलं असेल? मीही हात वर केला आणि झुडपाकडे बोट केलं.

शाळा सुटल्यावर वकीलबाई वर्गाच्या दाराशी घुटमळत होती. तिनेही मधेच डोळे किलकिले केले होते. वकीलच ती.

"सर, माझे आजोबा पण असंच करतात."

"असंच म्हणजे?"

"आधी सगळ्यांकडे बघतात. सगळे हसले, की मग हसतात."

माझ्या हातातला डस्टर मी दोनदा त्याच कोऱ्या फळ्यावरून फिरवला.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही. तुमचं तुम्ही सांगायचं ना, सर."

"आणि आजोबांशी तुम्ही कसं बोलता?"

"समोर बसून," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

ताई, मी वर्षभर तसंच जगतोय. वर्गात मुलांच्या ओठांकडे बघतो. शिक्षकांच्या खोलीत कोण हसतंय ते बघून हसतो. घरात सौभाग्यवतीचं तोंड दुसरीकडे असलं की नुसतं "बरं" म्हणतो, आणि नंतर कशाला होकार दिला ते निस्तरतो. पण फोनवर बघायचं कोणाकडे? तिथे मी तुझ्या स्वरावरून अंदाजाने चालतो. तू थांबलीस की "हं". स्वर चढला की "अरे वा". त्या दिवशी तुझा आवाज थरथरला आणि वर गेला. शब्द मला एकही लागला नव्हता. मला वाटलं, तू हसते आहेस. म्हणून मी हसलो.

तू रडत होतीस.

मेहुणेसाहेबांनी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुला विचारलं, "बाई, आपण कुठल्या?" आणि हे सांगायला तू सगळ्या जगातून मला निवडलंस. मुलीलाही नंतर सांगितलंस. आणि मी हसलो. हे कळल्यापासून फोन वाजला, म्हणजे उजेडला, तुझं नाव दिसलं, की मी तो उशीखाली सरकवतो. पुन्हा चुकीच्या जागी हसलो तर? त्यापेक्षा तू मला उर्मट समजलेली परवडलीस. उर्मट माणूस निदान धडधाकट असतो. असा माझा विचार. संस्कृत शिकल्याने माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी मला एका गुदमरवणाऱ्या बंद खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मला बघायला तिथे कोणीही नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच खरी उत्तरं दिली. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणे. भारदस्त आवाज राहतात. म्हणून मुख्याध्यापिकाबाई मला नेहमी स्पष्ट ऐकू आल्या. शास्त्राच्या बाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "पक्षी मोजणाऱ्यांचं हे होतंच, सर. त्यांचं वय वाढतं आणि त्यांना वाटतं पक्षी कमी झाले." म्हणजे मी शिक्षकांच्या खोलीत नाकतोड्यांचं जे श्राद्ध घातलं, ते माझ्याच कानांचं होतं! ते आपले गवतात सुखरूप किरकिरत आहेत.

संशोधकांनाही कळवलं, की आमच्या शाळेची सुरुवातीची कार्डं पर्यवेक्षकाने बिघडवली होती, ती मुलांनी दुरुस्त केली आहेत. आता नियम बदललाय. कोणती खूण ठेवायची ते मुलं आपसात ठरवतात, मी पावसापाण्याचं आणि शिस्तीचं बघतो. वकीलबाई अधूनमधून माझ्या समोर येऊन, तोंड नीट उघडून सांगते, "सर, आला." मी झुडपाकडे बघतो. दिसतो.

आणि बाबांचं ते घड्याचं. आपण दोघं नेहमी तेवढं ऐकून ताटावरून पळायचो, आठवतं? पुढे ते आणखी एक वाक्य म्हणायचे. खोलीत उजेड असेल तर. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणणारा शहाणा नव्हे. मी आयुष्यभर मुलांना पहिलं वाक्य शिकवत आलो.

यंत्र मिळालंय. कानामागे शेंगदाण्याएवढं. पहिल्या दिवशी स्वतःच्या सदऱ्याचा आवाज ऐकून दचकलो. घरात कसलीतरी टपटप ऐकू आली म्हणून शोधत गेलो, तर मोरीतला नळ. सौभाग्यवती म्हणाली, "कधीची सांगतेय!" वटवट्या मात्र यंत्रातूनही येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, इतका बारीक आवाज आता बहुधा येणार नाही. नाही तर नाही. तो आहे, एवढं मला ठाऊक आहे.

येत्या शनिवारी सकाळी मी तुझ्याकडे येतोय. येऊ का असं विचारत नाही, कारण तू फोनवर नाही म्हणालीस तरी मला ऐकू येणार नाही. तू नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, तुझा चेहरा अंधारात जातो. ओरडून बोलायची गरज नाही. समोर बस. आणि त्या दिवशी जे सांगितलंस ते मला पुन्हा सांग, अगदी चहाच्या कपापासून. मेहुणेसाहेबांनी मलाही "आपण कोण?" विचारलं तर विचारू दे, मी सांगेन, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. एकाला आठवत नाही, एकाला ऐकू येत नाही. आमची जोडी चांगली जमेल. तू मधे घटकाभर डोळे मिटून बस, थकली असशील.

तुला रडू आलं तर रड. माझे डोळे उघडे असतील.

एखादा शब्द निसटला, तर मी हसणार नाही. "काय?" म्हणेन. हा एवढासा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता, ताई. तो शिकवायला सातवीतली पोर लागली.

तुझा,
पुन्हा पुन्हा "काय?" विचारणारा,
धाकटा