नरसिंगचं आतड्याविषयीचं ज्ञान

मु. मुखेड

चि. नरसिंग यास दाजीचा आशीर्वाद. आम्ही इकडं जिते आहोत. तुझ्या सल्ल्यानंतरही आहोत, म्हणून मुद्दाम कळवतो. दीपमाला आणि लेकरं खुशाल असतील.

उदगीरला सोयरिकीच्या पंगतीत तू सांगितलंस, "दाजी, आतडं म्हंजे निस्ती नळी. तिचा अन् साखरंचा काय संबंध?" जो आडतीवर ज्वारी पारखतो त्याला आतडंही कळत असंल, असं मला त्या घडीला वाटलं. (चूक माझीच. बासुंदी पोटात होती.) मी डॉक्टरांचं साखरंवरचं आठवड्याचं इंजेक्शन बंद केलं आणि तू दिलेली कारल्याची भुकटी दोन टाइम चाटू लागलो. दीड महिन्यानं भर बाजारात मेथीच्या जुडीला हात लावला आणि तिथंच आडवा झालो. तुझ्या अक्काला वाटलं, भाव ऐकून पडले. दवाखान्यात साखर निघाली चारशे बारा.

माझी पुतणी साक्षी लातूरला डॉक्टरकीत हेच शिकून राहिली. उशाशी बसून तिनं समजावलं, की अन्न पोचलं की आतडं रक्तात एक हार्मोन सोडतं, तो स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन सोड. इंजेक्शन म्हणजे त्याचीच नक्कल. उंदरांत तर त्यानं इन्सुलिन करणाऱ्या पेशी वाढल्या, मरायच्या वाचल्या. माणसांत तसंच होतं का, ते अजून पक्कं न्हाई, असंही ती म्हणाली. बघ, एवढी शिकलेली पोरगी 'पक्कं न्हाई' म्हणते, आणि दहावीला तीनदा बसलेला तू भर पंगतीत छातीठोक सांगतोस. मी तिला विचारलं, माझ्या किती उरल्या? ती चादर नीट करत बसली.

उरलेली भुकटी म्हशीच्या आंबोणात कालवली. तिनं तोंड फिरवलं. जनावराला अक्कल असते.

तुझा दाजी,
हणमंत

ता. क. दीपमाला फोनवर तुझ्या अक्कापाशी रडली. तू घागरभर पाणी पितोस, पायाची जखम महिना झाला भरत न्हाई, आणि कुणाला बोलू देत न्हाईस. बुधवारी लातूरच्या डॉक्टरांकडं तुझंही नाव घातलंय. उपाशीपोटी ये.

ता. क. २. तुझ्यासाठी म्हणून लिहिलं खरं, पण माझ्या पेशी किती काम करून राहिल्या, त्याचा रिपोर्टही बुधवारीच हाय. तुझ्या अक्कासमोर तो ऐकायचा मला धीर होत न्हाई. तू शेजारी बस. काही बोलू मात्र नकोस.