रविवारी हरवणाऱ्या कात्र्या

आई,

तुम्ही मापं घ्यायला गेलात आणि मी दवाखान्यातून आले. आता कामावर पळतेय. महिन्यात पावणेदोन किलो वाढलंय, डॉक्टर म्हणाल्या, अगदी हवं तसं.

आता रागावू नका. दर रविवारी तुम्ही माझं वजन करायचात, तेव्हाच शिवणाची मोठी कात्री गायब व्हायची. आधी एक, मग दोन्ही. त्या माझ्या खिशात असायच्या. उलट्यांमुळे काटा हलत नव्हता आणि तुमचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता. डॉक्टरांना खरं वजन ठाऊक होतं. बोलणी मात्र बिचाऱ्या बाबांनी खाल्ली, त्यांची समजूत काढा.

दोन्ही कात्र्या मशीनवर ठेवल्यात. शेजारी माझा निळा ड्रेस आहे. कमरेत आवळतोय, तेवढा सैल करून द्या.

तुमची सून