हळकुंडाचा दोरा

फोन वाजला की तुम्ही तो सूनबाईच्या हातात कोंबता. आता हा कागद कुणाला देता ते बघते.

श्रियाच्या आजोबांना पुण्याहून नमस्कार. मी बरी आहे. झोपताना दम लागतो का, खरं लिहा.

इंदूरच्या मशीनमध्ये तुम्हाला श्वास रोखता आला नाही, ठोकेही वेडेवाकडे, म्हणून हृदयाचा फोटो पुसट आला. तो नीट कसा येईल, हेच शोधायचं काम आपली नात इथे करते. नव्या रीतीत श्वास घेत पडायचं, मशीन धडधडतं हृदय तसंच टिपतं. तुम्ही म्हणालात, "त्या नळकांड्यात मी जाणार नाही." म्हणून आधी मी जाऊन आले. खटखट फार होते. मरत नाही माणूस.

आत धातू चालत नाही, म्हणून मंगळसूत्र काढून गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला. धारच्या वन्संना सांगू नका, रडत बसतील.

देवासला टेकडीच्या पायरीवर तुम्ही मटकन बसलात, ते मी विसरले नाही. मंगळसूत्र श्रियाच्या कपाटात आहे. तुम्ही त्या मशीनमधून बाहेर आलात की घालीन. तोवर दोराच.

येताय की नाही, ते तुमच्या हातानं लिहा. सूनबाईचं अक्षर मी ओळखते.

इंदू