बद्रीनाथच्या हातावर ठेवलेला भंडारा

मी, बानाबाई कारभारी शिंगाडे, राहणार मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनामागे, छत्रपती संभाजीनगर, वय आधार कार्डावर एकोणसत्तर, खरं वय माझी आई सोबत घेऊन गेली, पूर्वी मेंढरं राखणारी, आता नातवंडं राखणारी, माझ्यामागे काय कोणाचं ते सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणारी शेजारची सायली आहे, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ती म्हणते, कायदा गुडघे बघत नाही. दडपण कोणाचंही नाही. आहे ते माझं मलाच, ते पाचव्या कलमात येईल.

१. दोन खोल्या आणि पुढचा ओटा, मुलगा अंगद आणि मुलगी शालू यांना निम्मे निम्मे. शालू भावाला वाईट वाटेल म्हणून नको म्हणेल. तिचं नको मानू नये.

२. बँकेत जे असेल त्यातून माझं दहावं-तेरावं करावं, उरेल ते नात ज्ञानेश्वरीच्या शिक्षणाला. डीजे लावू नये. मला नाचता येणार नाही.

३. लोकर कातरायची कात्री आणि सासऱ्याचं काळं घोंगडं ज्ञानेश्वरीला. तिनं मेंढरू फक्त मोबाईलवर पाहिलंय, तरी तिलाच.

४. तात्यासाहेब, ज्यांनी अंगदला निवडणुकीचं तिकीट दिलं, ते माझ्या मैताला आले तर त्यांना खुर्ची द्यावी. माईक देऊ नये.

५. हे कलम अंगदसाठी. सायले, सावकाश लिही.

२०१५ च्या उन्हाळ्यात महापालिकेची निवडणूक होती, आणि अंगद आमच्या वॉर्डातून उभा होता. नळाला आठवड्यानं पाणी यायचं. मतदानाच्या आदल्या दिवशी तात्यासाहेबांच्या वशिल्यानं एक टँकर मिळाला. संध्याकाळी अंगदनं आपल्या हातानं कॉक उघडायचा आणि वॉर्डातल्या बायांनी हंडे भरायचे, असं ठरलं होतं. (सायली म्हणते, आजी, हे कायद्यात बसत नाही, लिहायला लावू नका. लिही.) टँकर चालवायला होता बद्रीनाथ वाघमोडे, अंगदचा लहानपणापासूनचा दोस्त. माझ्या चुलीवरच्या निम्म्या भाकरी त्यानंच खाल्ल्यात.

रुळांपलीकडं गंगापूरकडून आलेल्या मेंढपाळांची दहा-बारा बिऱ्हाडं उतरली होती. सकाळी मी अंगदला म्हटलं, “त्यांनाबी थोडं दे रे.”

“आई, त्यांचं मतदान इथं नाय.”

“तहान तर इथंच लागली ना?”

तो हसला आणि प्रचाराला गेला. दुपारी मी तिकडं जाऊन आले. सरूबाई नावाची एक बाई बाटलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून लेकराला चोखायला देत होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. मी बद्रीला म्हटलं, “टँकर रुळांपलीकडं घे.”

“मावशी, अंग्या मला जित्ता ठेवायचा नाय.”

“अर्धाच रिकामा करू.”

अर्ध्यावर थांबलो नाही. माणसांचं भरून झालं, मग मेंढरांना सोडलं. पाण्याला तोंड लावलेलं मेंढरू उठवणं आमच्यात पाप धरतात. शेवटच्या मेंढरानं मान वर करीपर्यंत मी कॉक बंद करू दिला नाही. मान वर झाली तेव्हा टँकर खडखडीत होता.

मग मला घाम फुटला. नगरसेवकाची आई मलाही व्हायचं होतं. मिरवणुकीसाठी हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं. घरी येऊन देव्हाऱ्यातला भंडारा बद्रीच्या हातावर ठेवला आणि त्याला खंडोबाची शपथ घातली, की माझं नाव कोणापाशी काढायचं नाय. मला वाटलं, निकाल लागेपर्यंतचीच गोष्ट.

त्या संध्याकाळी बाया हंडे घेऊन दोन तास उभ्या राहिल्या आणि शिव्या देत गेल्या. दुसरा टँकर मिळाला नाही. अंगद एकतीस मतांनी पडला. त्यानं चौकात बद्रीची गचांडी धरली. “कोणाला इकलं पाणी? बोल!” बद्री बोलला नाही. त्यानं फक्त माझ्याकडं पाहिलं. मी ओट्यावर उभी होते. अंगदनं पायातली चप्पल काढली, तरी मी उभीच होते.

बद्री गंगापूरला गेला. तिथं जीप चालवतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती अंगदनं दारात फाडली. तेव्हा मी आत मेथी निवडत होते, आणि निवडतच राहिले.

पाणी दिलं याचा मला पस्तावा नाही, उद्याही देईन. पण दया माझी आणि मार बद्रीचा, असं मी नऊ वर्षं चालू दिलं. अंगद, तुझी निवडणूक मी पाडली. दोस्तही मीच तोडला. निवडणुकीची माफी मागत नाही. दोस्ताची मागते.

६. हे माझ्यामागे वाचलं जाईल, अंगद रडेल आणि मी सुटेन, असा माझा बेत होता. सायलीला विचारलं, “कागदानं शपथ सुटते का गं?” ती म्हणाली, “आजी, तसं कलम नाही.” आमच्यातही नाही. शपथ घालणाऱ्यानंच तोंडानं ‘सुटली’ म्हणावं लागतं. मी गेले तर बद्री जन्मभर बांधलेला राहील. म्हणून पाचवं कलम आजच वाचून दाखवावं.

बद्रीनाथला यात काही ठेवलेलं नाही. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं सायली सांगते, आणि मला साक्षीला तोच पाहिजे.

अंगदला वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत बसून होता. “नऊ वर्षं, आई?” एवढंच म्हणाला आणि मोटारसायकलची चावी घेऊन गेला. कुठं, ते सांगितलं नाही. मी अंगठा थांबवून ठेवला आहे.

ठिकाण : मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १२ मे २०२४

बानाबाई कारभारी शिंगाडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार
१. आशाबाई, शेजारीण (सही)
२. बद्रीनाथ वाघमोडे, रा. गंगापूर (सही)

लिहिणारीची नोंद : साक्षीदार क्रमांक दोन यांना अंगद यांनी गंगापूरहून मोटारसायकलवर आणले. बानाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून ‘सुटली’ असे तीन वेळा म्हटले, त्यानंतरच अंगठा घेतला. अंगद बाहेर ओट्यावर बसून आहेत. आईशी अजून बोललेले नाहीत. — सायली