भोंग्यावरून न दिलेलं आवतण

आबा, सभागृहावर नवे पत्रे पडले. भिंतींना रंग दिला, पंखे लावले, आणि तुमचा तो जुना भोंगा उतरवून दोन काळे स्पीकर बसवले. गावातल्या बातम्या आता आधी मोबाईलवर येतात, त्यामुळे मला धुळ्यात बसून सगळं कळतं. रविवारी डोळ्यांची तपासणी आहे. मग केळीवरच्या करप्याबद्दल सभा, बचत गटाच्या बायकांचा मेळावा, आणि कानबाई या श्रावणात सभागृहातच बसवायची ठरली आहे. त्याच मेसेजच्या शेवटी आणखी एक बातमी होती. सभागृहाला तुमचं नाव द्यायचं आहे. मुलगी म्हणून माझा होकार हवा, आणि त्या दिवशी तुमच्याबद्दल चार शब्द मीच बोलावेत असं सरपंचबाई म्हणतात. हे दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी नवी साडी घेऊन ठेवली असती. या वेळी हो म्हणायला जीभ रेटेना.

मला अजून दिसतं, संध्याकाळ झाली की तुम्ही मळ्यातून येता, पाय धुता, टोपी घालता आणि सभागृहात जाता. माईकवर दोनदा फुंकर मारता. कुणाचा साखरपुडा, कुणाचा दहावा, वीज कधी जाणार, सगळं तुमच्या तोंडून गावाला कळतं. आणि कुणाकडे लग्नाचं जेवण असलं की आदल्या दिवशी तुमचा आवाज चढतो, "बठ्ठास्ले सांगाले येस, सकाय चूलबंद आवतन शे!" म्हणजे लहानथोर, पाहुणेरावळे, सगळं घर जेवायला, उद्या कुणी चूल पेटवायची नाही. तुम्ही भोंग्यावरून सांगितल्याशिवाय गावातलं माणूस कुणाच्या पंगतीला जात नसे, मग ते शेजारचं घर का असेना. एकदा तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि मी माईकवर उद्या शाळेला सुट्टी म्हणून सांगून टाकलं. तुम्ही मारलं नाहीत. "हाई भोंगावरथून खोटं बोलानं नही," एवढंच म्हणालात आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटायचं, माझ्या बापासारखा खरा माणूस चोपडा तालुक्यात दुसरा नसेल.

मी दुसऱ्या जातीत लग्न केलं, धुळ्याला, कचेरीत जाऊन. तुम्ही आला नाहीत. ते मला समजलं होतं, खरंच सांगते. पण मग पुढच्या हिवाळ्यात तुमचाच निरोप आला, की या दोघं, गावाला जेवण घालू, आवतण मी देतो. मी किती रडले त्या दिवशी! आम्ही पहाटेच्या एसटीने निघून पोचलो, तर तुम्ही आचारी सांगून ठेवलेला, केळीची पानं कापून आणलेली. सभागृहाच्या अंगणात बट्ट्या तळल्या, वरण उकळलं, वांग्याची भाजी घोटून झाली. पानं मांडली. आणि कुणीच आलं नाही. तुम्ही दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होता. "मी काल सांगं माय," तुम्ही म्हणालात, "गाव उनं नही, त्याले मी काय करू?" मग तुम्ही टोपी काढून ठेवलीत आणि आमच्या शेजारी पानावर बसलात. जावयाची बट्टी स्वतःच्या हाताने चुरलीत, वर तूप ओतलंत. उरलेलं सगळं केळी भरायला आलेल्या मजुरांना वाटून दिलं.

त्या दिवसापासून गाव माझ्यासाठी मेलं. मी येत राहिले ती फक्त तुमच्यासाठी. कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. तुमच्या दहाव्याला सगळं गाव लोटलं तेव्हासुद्धा मी कुणाच्या गळ्यात पडले नाही. ज्यांनी तुम्हाला जिवंतपणी एवढं खाली बघायला लावलं, त्यांच्याजवळ काय रडायचं?

आणि गेल्या महिन्यात शेताच्या कामाला आले, तर सभागृहाच्या पायरीवर शेजारच्या अक्का बसलेल्या. थकल्यात आता. मला बघून म्हणाल्या, "बठ्ठासना लगननं जेवन जेवनूत बाई आम्ही. तुनं तेवढं राही गयं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हीच आला नाहीत अक्का, माझं अन्न वाया गेलं. त्या म्हणाल्या, "भोंगाच वाजना नही त्या दिन. तेलना वास घरलोंग उना. मी नवं लुगडं नेसीसन बसेल व्हतू. आवतनच नही, मंग कसं येवो?" मी आणखी दोन घरी जाऊन विचारलं. तेच उत्तर. त्यांच्या मनात एवढी वर्षं हेच, की पोरगी शहरात गेली, शिकली, आम्हाला पंगतीतून वगळलं. ते माझ्यावर रुसलेले, मी त्यांच्यावर. आणि तुम्ही, आबा, रोज त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पीत होता.

तुम्ही केसाने गळा कापलात. नको येऊ म्हणाला असता तर चाललं असतं. शिव्या घातल्या असत्या तरी मी त्या घेऊन जगले असते. पण तुम्ही आचारी बोलावलात, पानं कापलीत, फक्त आवतण दिलं नाहीत. मी खूप विचार केला. गाव जेवून गेलं असतं तर माझं लग्न गावाने मानलं असं झालं असतं, आणि मग तुम्हालाही मानावं लागलं असतं. ते तुम्हाला नको होतं. तुम्हाला मुलगी हवी होती आणि लग्न नको होतं. म्हणून माझं गाव माझ्यापासून तोडलंत आणि वर माझे डोळे पुसलेत. याचा राग कुणावर काढू? तुमच्या फोटोवर?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. लिहून झालं की फाडणार आहे, कारण घरात कुणाच्या हाती लागायला नको.

काल मी होकार कळवला. माफ केलं म्हणून नाही. नाही म्हटलं असतं तर ह्यांना कारण सांगावं लागलं असतं. आणि हे अजून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, की सगळ्या गावाने पाठ फिरवली, पण माझे सासरे माझ्या शेजारी जेवायला बसले.